जाड आवाजाचा वाटाड्या

चावीकाकांनी गाडीची किल्ली दुकानाच्या काउंटरवर ठेवली आणि लेकीकडे बघत म्हणाले, "साहेब, एकदाच सांगतो. शनिवारी नवीन जीपीएस घेऊ. ते लावल्यावरही मी रस्ता चुकलो, तर ही किल्ली तुझी. मी इथं बसून चाव्या घाशीन, तू जा लोकांची दारं उघडायला."

साहेब म्हणजे त्यांची लेक. लहानपणापासून तिला घरादारावर हुकूम सोडायची सवय, म्हणून बापानं हे नाव ठेवलं होतं, आणि पुढं दुकानाचा कारभार तिच्या हाती आल्यावर ते अंगाला चिकटलंच. दुकान कुलपांचं. पुढं चाव्या कापायचं मशीन, मागं भिंतभर खिळ्यांना टांगलेल्या कोऱ्या चाव्या. फोन लेक घ्यायची, पत्ता चिठ्ठीवर लिहून द्यायची आणि चावीकाका हत्यारांची पेटी गाडीत टाकून निघायचे. कुणाचं दार वाऱ्यानं बंद झालेलं असायचं, कुणाची चावी कुलपात मोडलेली असायची, कुणाची तिजोरी रुसलेली असायची. दुकानाचा निम्मा धंदा या बाहेरच्या कामांवर चालायचा. चावीकाकांचा जीव मात्र सगळाच्या सगळा त्या कामांत होता. दुकानात दोन तास बसले तर ते कोंडल्यासारखे व्हायचे.

"तशी वेळ नाही यायची, बाबा," लेक म्हणाली आणि किल्ली परत त्यांच्याकडे सरकवली. पण हे बोलताना तिची नजर किल्लीवरच होती.

चावीकाका गेले काही महिने रस्ता चुकत होते. जुन्या गावात नाही. तिथं त्यांना डोळे बांधून सोडलं असतं तरी त्यांनी भिंतींना हात लावत बरोबर दार गाठलं असतं. चुकायचे ते नदीपलीकडच्या नव्या वसाहतींत. तिथल्या इमारती एकाच साच्यातून काढल्यासारख्या, आणि रस्ते असे की गेल्या महिन्यात जिथून आत गेलो तिथं या महिन्यात जायला बंदी. त्या भागात चावीकाका डॅशबोर्डवरच्या जीपीएसच्या भरवशावर चालत. त्यातून एक बाई बोलायची. घरात तिचं नावच पडलं होतं, गाडीतली बाई. बाई सांगेल तिकडं काका वळायचे. स्क्रीनकडं ते कधीही बघत नसत. "रस्ता पुढं असतो, डबीत नसतो," असं त्यांचं म्हणणं. इतकी वर्षं दोघांचं उत्तम जमलं होतं.

आणि मग बिनसलं. एका दातांच्या डॉक्टरच्या दवाखान्याचं कुलूप अडकलं, तर काका भलतीकडं जाऊन पेट्रोलच्या टाक्यांच्या आवारात उभे. इकडं डॉक्टर पायरीवर आणि गाल धरून बसलेले पेशंट त्याच्या भोवती. हे हसण्यावारी गेलं. पण मागच्या आठवड्यात एक बाई कचरा टाकायला म्हणून बाहेर आली, दार मागं बंद झालं आणि आत गॅसवर दूध. काका पोचेपर्यंत भांडं जळून गेलं होतं, पडद्यापर्यंत धूर पोचला होता. त्या बाईनं फोनवर लेकीला जे सुनावलं, ते तिनं बापाला निम्मंच सांगितलं.

काकांचं म्हणणं एकच. "बाई हल्ली तोंडातल्या तोंडात बोलते. म्हातारी झाली यंत्रातली."

लेकीनं एका दुपारी स्वतः गाडी काढून ते यंत्र तपासलं. बाई ठणठणीत होती. शब्द न् शब्द नीट. पत्तेही काकांनी बरोबर घातलेले होते. म्हणजे खोट यंत्रात नव्हती. काकांच्या थोरल्या भावाचं, तिच्या मोठ्या काकांचं, असंच सुरू झालं होतं. जुनं सगळं लख्ख आठवायचं आणि नवं काही डोक्यात राहायचं नाही. शेवटी शेवटी स्वतःच्या घराच्या जिन्यात उभं राहून ते विचारायचे, हे कुणाचं घर?

तिनं ही भीती कुणालाच सांगितली नव्हती. आईलाही नाही.

शनिवारी सकाळी निघताना आई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली, काकांच्या समोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, घ्याल ते जरा गोड बोलणारं घ्या. ओरडायला घरात मी आहेच."

"तुझ्याइतकं स्पष्ट बोलणारं मिळालं तर दुप्पट पैसे मोजीन," काका म्हणाले.

त्या घराची ही एक रीत होती. आतल्या खोलीतून बाहेरच्याला कुणी हाक मारत नसे. मीठ हवं असलं तरी उठायचं, माणसाच्या समोर जायचं आणि तोंड दिसेल असं उभं राहून बोलायचं. आजी, म्हणजे काकांची आई, अनेक वर्षं कानांनी अधू होती, तिच्यासाठी पडलेली ही सवय. आजी गेली, सवय राहिली. नव्यानं येणाऱ्या पाहुण्यांना वाटायचं, या लोकांची आत्ताच भांडणं झालीत की काय. आईला त्या दिवसांचा एक सल मात्र अजून होता. "मामंजी अंगणात नुसते खाकरले तरी सासूबाईंना ऐकू यायचं, आणि मी शेजारी बसून जीव तोडून बोलले तरी नाही. सुनेचंच तेवढं ऐकू यायचं नाही त्यांना!"

गाडीचं सामान विकणारं दुकान नदीपलीकडं होतं. काचेच्या कपाटांत आरसे, सीटची कव्हरं, हॉर्न आणि एका लांब फळीवर ओळीनं मांडलेली जीपीएसची यंत्रं. विक्रेता पन्नाशीचा, बारीक आवाजाचा, बोलका, आणि शर्टाच्या खिशात तीन पेनं खोचलेला गृहस्थ होता. लेकीनं त्याला मोजक्या शब्दांत सांगितलं. फोनवरचा नकाशा नको, कारण काम चालू असताना फोन वाजत राहतो. पडदा मोठा असला काय, छोटा असला काय, वडील त्याकडं बघणार नाहीत. रस्ता आवाजानं कळला पाहिजे.

"मग बोलायलाच नको," विक्रेता म्हणाला. "आमच्याकडं पद्धतच आहे. गाडीला लावायचं, एक फेरी मारायची आणि मग ठरवायचं. चपला नाही का आपण घालून बघत? ही बघा, ही सगळ्यांत जास्त खपते. आवाज ऐका, मधासारखा!"

पाण्याच्या उंच टाकीजवळ एक बाग होती. तिथंवर जायचं आणि परत यायचं असं ठरलं. विक्रेता काकांच्या शेजारी बसला. लेक मुद्दाम मागं बसली. शेजारी बसलं की तिच्या तोंडून 'इकडं, इकडं' निघून गेलं असतं, आणि आज तिला बापाला मदत करायची नव्हती. आज तिला बघायचं होतं.

गाडी निघाली. पहिल्या चौकात यंत्रातली मधाळ पोरगी म्हणाली, उजवीकडे वळा. काका नाकासमोर सरळ गेले.

"बाबा, उजवीकडं होतं," लेक मागून म्हणाली.

काकांनी मान वळवली नाही, उत्तरही दिलं नाही. रागावले, असं तिला वाटलं. मधाळ पोरगी नवा रस्ता जुळवून पुन्हा बोलली. काका डावीकडं वळायच्या जागी अलीकडच्याच गल्लीत शिरले आणि एका शाळेच्या बंद फाटकासमोर जाऊन थांबले.

"काका, किती वर्षं चालवताय गाडी?" विक्रेत्यानं विषय बदलायला विचारलं.

"हो हो," काका म्हणाले.

विक्रेत्यानं आरशातून लेकीकडं बघितलं. लेक खिडकीबाहेर बघायला लागली. तिच्या डोळ्यांसमोर मोठे काका जिन्यात उभे होते.

"ही नको," फाटकासमोर गाडी वळवताना काका ठामपणे म्हणाले. "ही पण आमच्या बाईसारखीच. ओठातल्या ओठात."

दुसरं यंत्र महागातलं होतं. त्यातल्या बाईचा आवाज शाळेतल्या मुख्याध्यापिकेसारखा खणखणीत. विक्रेत्यानं तो शेवटपर्यंत वाढवून ठेवला. मागच्या सीटवर लेकीचे कान किटले. रस्त्यानं चाललेला एक माणूस दचकून बाजूला झाला. आणि काका? पहिलं वळण बरोबर घेतलं, कारण तिथं सगळ्याच गाड्या वळत होत्या. दुसरं चुकले. तिसऱ्याला घुटमळले, मागच्यानं हॉर्न वाजवला, आणि काका गोंधळून एका फर्निचरच्या गोदामाच्या आवारात शिरले. तिथं दोन माणसं कपाट उचलून चालली होती. ती कपाटासकट थांबली.

"काय हवंय?" त्यातल्या एकानं काचेजवळ येऊन विचारलं.

"रस्ता हवाय," काका म्हणाले, "देता का?"

तो हसला, काकाही हसले. लेकीला मात्र रडू यायचं बाकी होतं. कपाटवाल्याशी ज्या माणसानं इतक्या हजरजबाबीपणानं टोला लगावला, त्याच माणसाला दोन मिनिटांपूर्वी कानाशी ओरडून सांगितलेलं वळण डोक्यात राहिलं नाही. मोठे काकाही असेच मधूनच झकास बोलायचे.

"ही ओरडते फार," काकांनी निकाल दिला, "पण सांगत काही नाही. सभेत बोलणारी असतात ना, तशी."

दुकानाशी परत आल्यावर विक्रेत्यानं हात टेकले. "काका, आमच्याकडं आवाजाची हीच दोन. बाकीच्या सगळ्यांत याच दोघी आहेत." मग त्याला काहीतरी आठवलं. तो आत गेला आणि सगळ्यांत खालच्या फळीवरून एक खोका फुंकर मारत घेऊन आला. आतलं यंत्र विटेएवढं जाडजूड, काळं, कडेनं रबर लावलेलं होतं. "हे ट्रकवाल्यांचं. एकानं मागवलं होतं, नेलंच नाही. दिसायला हे असं, आणि यात बाईचा आवाज नाही. बघा, राग मानणार नसाल तर."

"मला काय त्याच्याशी लग्न लावायचंय?" काका म्हणाले. "लाव."

यंत्र चालू झालं आणि गाडीत एक माणूस बोलला. आवाज विहिरीतून आल्यासारखा, जाड, संथ. थोडं पुढं जाऊन उजवीकडे वळा.

काकांनी उजवीकडचा दिवा लावला. गाडी उजवीकडं वळली.

लेक सीटवर पुढं सरकून बसली.

पुढच्या चौकात सरळ, असं तो माणूस म्हणाला. काका सरळ गेले. पेट्रोल पंपानंतर डावीकडे. काका पेट्रोल पंप ओलांडून डावीकडं वळले. एका ठिकाणी त्यानं बजावलं की पुढं कमी उंचीचा पूल आहे, वाहनाची उंची तपासून घ्या.

"तपासली, तपासली!" काका खुशीत म्हणाले. "बघा, केवढा मान देतो! आमच्या या डबड्याला ट्रक समजतोय."

"ते मी बदलून देतो काका, छोटी गाडी म्हणून लावून," विक्रेता म्हणाला.

"हो हो," काका म्हणाले आणि बागेच्या फाटकासमोर गाडी अलगद उभी केली. एकही वळण चुकलं नव्हतं. एकदाही घुटमळले नव्हते. स्टिअरिंगवर थाप मारून ते म्हणाले, "हा माणूस नीट बोलतो. उगाच लाडंलाडं नाही."

"याचा नकाशा जास्त चांगला आहे का हो?" लेकीनं विक्रेत्याला विचारलं.

"छे! आत सगळं तेच आहे, ताई. पहिल्या मधाळवालीचाच नकाशा, तेच रस्ते. कंपनी एकच. फरक काय तो आवाजाचा."

परतीच्या वाटेवर लेक मनाशी जुळवत होती. नकाशा तोच. रस्ते तेच. चालवणारा तोच, आणि डोकंही तेच. फरक आवाजाचा. तिनं बापाच्या पाठीकडं बघत, आपल्या नेहमीच्या आवाजात हाक मारली, "बाबा."

काका गाडी चालवत राहिले.

"बाबा, दुकानाचं शटर नीट ओढलं होतं ना?"

काहीच नाही. रागही नव्हता. आरशात त्यांचा चेहरा दिसत होता, मजेत होता. तेवढ्यात जाड आवाजाचा माणूस म्हणाला, डावीकडे राहा, आणि काकांनी "राहतो, बाबा" म्हणत गाडी डावीकडं घेतली.

लेकीला एकदम अंगणात खाकरणारे आजोबा आठवले. आणि शेजारी बसून जीव तोडून बोलणारी आई.

विक्रेत्याच्या दुकानासमोर गाडी थांबली. लेक पटकन उतरली आणि काकांच्या खिडकीशी जाऊन उभी राहिली. यंत्राचा रिकामा खोका तिच्या हातात होता. तो तिनं निरखून बघायला धरल्यासारखा नाकापर्यंत उचलला आणि त्याच्या आडून विचारलं, "बाबा, चहा घ्यायचा का?"

"हो हो, बरोबर आहे तुझं," काका म्हणाले.

तिनं खोका खाली घेतला. आवाज वाढवला नाही, कमी केला नाही. "चहा घ्यायचा का?"

"घेऊ की! विचारतेस काय?"

तिला हसावं की रडावं ते कळेना. घरात सगळे समोर येऊन, तोंड दाखवून बोलत होते. जो माणूस महिनोन्‌महिने ओठ वाचून निभावून नेत होता, त्याला त्या घरात कुणी पकडणार तरी कसं? दुसऱ्या कुठल्याही घरात हे आठ दिवसांत उघड झालं असतं. त्यांच्या घरात आजीनं सगळी सोय आधीच करून ठेवली होती. आणि गाडीतल्या बाईला तोंडच नव्हतं.

विक्रेता बिल करायला आत गेला. लेक पुढच्या सीटवर जाऊन बसली. काकांकडं पूर्ण वळली. ही गोष्ट सांगायची कशी, याची तिला धास्ती वाटत होती. चावीकाका स्वतःच्या बोटांचा, डोळ्यांचा, तब्येतीचा फार अभिमान बाळगून असत. बहिरा हा शब्द तर त्यांनी आजीच्या बाबतीतही कुणाला घरात वापरू दिला नव्हता.

"बाबा, तुम्हाला त्या दोघींचं ऐकू येत होतं का?"

"येतं ना. पण काय बोलतात त्याचं पीठ होतं."

"आणि या माणसाचं?"

"याचं स्वच्छ."

"माझं मागून काही ऐकू आलं?"

काकांनी वळून मागच्या सीटकडं बघितलं. "तू बोललीस मागून?"

"दोनदा. पहिल्या फेरीत पण. बाबा, यंत्रं चांगली आहेत. आपली जुनी बाईसुद्धा चांगली आहे. तुमच्या कानांना बारीक आवाज पकडता येत नाही. बायकांचे, पोरींचे. जाड आवाज येतो. आजीचं होतं ना, तसंच."

काकांनी समोर बघितलं. मग हातांकडं. लेकीला वाटलं, आपण फार घाई केली. मग त्यांनी मान वळवून हळूच विचारलं, "म्हणजे डोकं ठीक आहे?"

"काय?"

"माझं डोकं. ते दादासारखं... तसलं काही नाही ना?"

तिनं त्यांच्या दंडावर हात ठेवला. "नाही बाबा. कान आहेत. नुसते कान."

"अगं, मी रोज सकाळी दाढी करताना भिंतीवरच्या चाव्यांचे नंबर म्हणतोय, डावीकडून उजवीकडं! सगळे येतात. मग म्हणायचो, हे येतंय तर रस्ता का येत नाही? दादालासुद्धा पाढे शेवटपर्यंत येत होते. म्हणून तर तुला ती किल्ली देऊन टाकणार होतो. म्हटलं, कुणाच्या घराला आग लागायच्या आत आपणच बाजूला झालेलं बरं." ते बोलता बोलता हसायला लागले. आधी हळू, मग खांदे हलवत, मग स्टिअरिंग धरून. "कानच ना! एवढंच ना! अगं, कान म्हणजे काय, कुलूप आहे नुसतं. आत माणूस शाबूत आहे ना? मग झालं!"

लेकही हसायला लागली आणि हसता हसता तिनं डोळे पुसले. दुकानाच्या दारात बिल घेऊन आलेला विक्रेता गोंधळून तिथंच थांबला.

"पण बाबा, कुलपं कशी उघडता मग? मला वाटायचं, तुम्ही आतली खटखट ऐकता."

"लोकांना वाटतं तसं. मी वाटू देतो. कुलूप बोटांना बोलतं, कानाला नाही."

"आणि मागून येणाऱ्या गाड्या? हॉर्न येतो ऐकू?"

"मोटारीचा येतो. ट्रकचा तर पोटात येतो."

"स्कूटरचा?"

काकांनी हनुवटी खाजवली. "स्कूटरवाले हल्ली वाजवतात का?"

"सोमवारी सकाळी कान तपासून घ्यायचे," साहेबांनी हुकूम सोडला. "दुकान उघडायच्या आधी."

"घेऊ. गाडीला यंत्र बसवलं, मला बसवायला काय झालं? पण आधी सांगून ठेवतो, तिथंही मी तीन लावून, फेरी मारून मगच घेणार."

पैसे देऊन झाले. विक्रेत्यानं यंत्र डॅशबोर्डवर पक्कं बसवून दिलं आणि छोटी गाडी म्हणून लावूही दिलं, त्यावर काका जरा हिरमुसले. तेवढ्यात लेकीचा फोन वाजला. पलीकडं एक बाई एका दमात बोलत होती. नवरा बाथरूममध्ये अडकला होता. कडी फिरत होती पण दार उघडत नव्हतं, आणि गृहस्थांना बंद जागेचं भय. पत्ता याच वसाहतींतला, पाण्याच्या टाकीच्या पलीकडचा, अकराव्या रांगेतली सातवी इमारत. काका आजवर तिथं कधी गेले नव्हते.

लेकीनं चिठ्ठी लिहून त्यांच्यापुढं धरली. काकांनी पत्ता यंत्रात घातला. ती शेजारी बसली आणि हात मांडीखाली दाबून धरले, म्हणजे ते आपोआप रस्ता दाखवणार नाहीत. जाड माणूस बोलत गेला, काका वळत गेले. एका गोल चौकात तो म्हणाला, तिसऱ्या रस्त्यानं बाहेर पडा. तिला स्वतःला वाटलं की दुसरा. काका तिसऱ्यानं बाहेर पडले आणि समोर पाण्याची टाकी दिसली. तिनं मांडीखालचे हात मोकळे केले.

बाथरूमच्या दारापाशी त्या घरातली बाई उभी होती. आतून गृहस्थ सारखे ओरडत होते. काका गुडघ्यांवर बसले, पेटी उघडली, कडीच्या आत पातळ पत्रा सरकवला. आतला आवाज भीतीनं चिरकत, बारीक होत चालला होता. नेहमीचे चावीकाका असते तर 'हो हो, आलोच' म्हणून काम करत राहिले असते. आज त्यांनी हात थांबवला आणि लेकीकडं मान वर करून मोकळ्या आवाजात विचारलं, "साहेब, मला त्यांचं ऐकू येत नाहीये. काय म्हणतायत?"

"आतून कडी ओढून धरली आहे म्हणतायत. सोडू का, विचारतायत."

"सोडा म्हणावं! अहो, मी इकडून ढकलतोय आणि तुम्ही तिकडून ओढताय, दारानं ऐकायचं कुणाचं? आणि जरा मोठ्यानं, पण जाड आवाजात बोला, म्हणजे आपलं थेट बोलणं होईल!"

गृहस्थांनी आत घसा खाकरला. मग एक घोगरा, ओढूनताणून जाड केलेला आवाज आला, "सोडली!"

"आता कसं!" काका म्हणाले. त्यांची बोटं दोनदा वळली, दार उघडलं, आणि घामाघूम गृहस्थ टॉवेल सावरत बाहेर आले. बायको त्यांना धरून हसायलाच लागली. "अहो, कसला आवाज काढलात हो तुम्ही! लग्न झाल्यापासून कधी ऐकला नव्हता."

खाली रस्त्यावर येईपर्यंत लेकीच्या फोनवर दुसरं काम आलं होतं. एका वाचनालयाच्या लोखंडी कपाटाची चावी हरवली होती. पत्ता आणखी पुढचा, नव्या वसाहतीच्या पार टोकाचा. तिनं चिठ्ठी लिहिली आणि सवयीनं गाडीचं दार उघडायला गेली.

काकांनी खिडकीतून हात बाहेर काढून चिठ्ठी घेतली. "तू कुठं निघालीस?"

"तुमच्याबरोबर."

"आणि दुकान? शनिवारची दुपार आहे, लोक चाव्या करायला येतील. सोबतीला हा आहे की माझ्या." त्यांनी विटेएवढ्या यंत्रावर टिचकी मारली. "तू जा दुकानात."

"बाबा, पण—"

"पण बिण काही नाही. साहेब तू असशील, गाडी माझी आहे."

त्यांनी पत्ता घातला, कान यंत्राकडं जरासा कलला, मान हलली आणि गाडी निघाली. ती फूटपाथवर उभी राहून बघत होती. लांबच्या कोपऱ्यापाशी डावीकडचा दिवा लागला. मागून येणाऱ्याला वाट देऊन गाडी डावीकडं वळली आणि दिसेनाशी झाली. ती तरीही थोडा वेळ उभीच राहिली. मनात काळजी शोधून बघितली, पण सापडली नाही.

मग तिनं आजूबाजूला पाहिलं. चारी बाजूंना एकसारख्या इमारती, एकसारख्या खिडक्या, एकसारखी फाटकं. फोनची बॅटरी लाल झालेली. बस कुठं मिळते आणि आलो ते कुठून, यातलं तिला काहीच उमगेना. समोरून एक माणूस कुत्र्याला फिरवत येत होता. ती त्याच्या पुढं जाऊन उभी राहिली, घरच्या रीतीनं तोंड नीट दिसेल अशी, आणि म्हणाली, "माफ करा हं, इथून बाहेर पडायचा रस्ता कुठला?"